गोडे पाणी, खारे पाणी आणि खिशाला परवडणारे एक रीळ

बेळगाव : पावसाळा ओसरून नद्यांचे गढूळ पाणी निवळू लागले की बेळगाव-निपाणी परिसरात गळ टाकणाऱ्यांची लगबग सुरू होते. वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांच्या काठी रविवारी काठी धरून बसलेली माणसे हमखास दिसतात. यांतील अनेकांना दुसरी ओढ असते ती गोव्याच्या खाड्यांची. खानापूर तालुक्यातून निघणारी म्हादई गोव्यात उतरून मांडवी होते. जवळपास त्याच दिशेने, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून, बेळगावचे हौशी साखळीमार्गे पणजीकडे येतात. निपाणीकडची मंडळी संकेश्वर, आजरा, आंबोली या वाटेने किनारा गाठते. तिकडे ज्याला ‘गळ टाकणे’ म्हणतात, त्यालाच इकडे ‘गरवणे’ म्हणतात, एवढाच काय तो फरक.

मात्र गोड्या पाण्यावर चार वर्षे बिनतक्रार चाललेले रीळ गोव्याच्या एका फेरीनंतर महिन्याभरात अडकून बसते, हा अनुभव दुर्मीळ नाही. दोष दर वेळी रिळाचाच असतो असे नाही. निवडताना कशासाठी पैसे मोजावेत आणि वापरल्यानंतर काय करावे, हे ठाऊक नसल्याने नुकसान होते. तंबाखूच्या हंगामावर चालणारे निपाणीतील घर असो, मागावर चालणारे वडगाव-शहापूरमधील असो, वा गोव्यातील एखादे नोकरदार कुटुंब असो. हौसेखातर घेतलेली दीड-दोन हजारांची वस्तू काही वर्षे तरी टिकावी, ही अपेक्षा रास्तच आहे.

कांडीचे तत्त्व

काठावरून गळ टाकण्यासाठी रिळाचे दोन प्रकार प्रामुख्याने वापरले जातात. पहिल्यात दोरा सुटताना रिळाची चकतीच फिरते. फेक संपली तरी चकती फिरत राहिली तर दोऱ्याचा गुंता होतो. म्हणून अंगठ्याने ती आवरण्याचा सराव लागतो. दुसऱ्या प्रकारात चकती स्थिर राहते आणि दोरा तिच्या तोंडाकडून वेटोळ्यांनी सुटतो. त्याला बाजारात ‘स्पिनिंग रील’ म्हणतात.

वडगाव-शहापूरच्या विणकरांना हे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. धोट्यातील कांडी फिरत नाही, तरी सूत तिच्या टोकाकडून सरसर सुटत जाते. हा संबंध केवळ उपमेपुरता नाही. अशा स्थिर चकतीच्या रिळाचे पेटंट १९०५ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थ नावाच्या कापड उद्योजकाने घेतले होते. नवशिक्याने आणि मोजके पैसे खर्च करणाऱ्याने हाच प्रकार घ्यावा. तो शिकण्यास सोपा असून हलके आमिषही दूर फेकू शकतो.

आकार कोणता?

रिळावर १०००, २५००, ४०००, ६००० असे आकडे असतात. हे आकड्यांचे माप सर्व कंपन्यांचे तंतोतंत सारखे नसते, पण अंदाजाला पुरते. २५०० आकाराचे रीळ नदीकाठी चिलापी, रोहू किंवा मरळ यांसाठी पुरेसे होते. खाडीत चोणक किंवा तांबोशी लागण्याची शक्यता असेल आणि किनाऱ्यावरून जड शिसे फेकायचे असेल, तर ४००० सोयीचे. दोन्हीकडे जाणाऱ्याने एकच रीळ घ्यायचे ठरवले तर ३००० किंवा ४००० घ्यावे. मोठे रीळ नदीवर थोडे जड वाटेल, पण काम भागेल; लहान रीळ मात्र मोठ्या चोणकीपुढे दोरा संपून रिकामे होऊ शकते. ६००० च्या पुढची रिळे दिवसभर हातात धरून फेकत राहणाऱ्याचे मनगट दुखवतात.

पैसे कशासाठी मोजावेत?

खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा बहुधा बेअरिंगचा असतो. ‘दहा’, ‘बारा’ असे आकडे वाचून ग्राहक भुलतो. परंतु स्वस्त रिळातील बारा सुमार बेअरिंगपेक्षा तीन-चार चांगली बेअरिंग कधीही बरी. खाऱ्या पाण्यात प्रत्येक सुमार बेअरिंग म्हणजे गंजायला आणखी एक जागा.

खरे महत्त्व आहे ते ड्रॅगचे. मासा जोरात ओढू लागला की ठरावीक ताणानंतर दोरा आपोआप सुटू देणारी ही रचना असते. ती नीट चालली तर पातळ दोऱ्यावरही मोठा मासा दमवून काठाशी आणता येतो. अडखळली तर दोरा तुटतो आणि मासा तोंडात गळ घेऊन जातो. दुकानात ड्रॅगची खुंटी अर्धवट आवळून दोरा हाताने ओढून पाहावा. तो एकसारखा सुटला पाहिजे. सुरुवातीला अडकून मग एकदम झटक्याने सुटत असेल, तर ते रीळ परत ठेवावे.

त्यानंतर तीन गोष्टी तपासाव्यात. मूठ उलट दिशेने फिरवून पाहावी. ती जागच्या जागी थांबली पाहिजे. दोरा गुंडाळणारी तारेची कमान हाताने बंद करावी. ती ठामपणे बसली पाहिजे. कमानीच्या टोकाची, दोरा जिच्यावरून सरकतो ती लहान चाकी बोटाने फिरवावी; ती फिरत नसेल तर दोरा तिच्यावर घासून झिजतो. नामांकित कंपन्यांची प्राथमिक रिळे साधारणपणे दीड ते अडीच हजारांच्या आसपास मिळतात. त्यांचा मोठा फायदा म्हणजे मूठ किंवा सुटी चकती पुढे वेगळी मिळण्याची शक्यता. निनावी रीळ निम्म्या किमतीत मिळते, पण त्याची मूठ तुटली की संपूर्ण रीळच टाकून द्यावे लागते.

दोरा आणि ताण

किमतीत बचत करायची तर ती दोऱ्याच्या प्रकारात करता येते. नवशिक्याला साधा तंगूस पुरतो. सुमारे ०.३० मिलिमीटर जाडीचा, पाच किलोच्या आसपास ताण सोसणारा तंगूस नदी आणि खाडी दोन्हीकडे चालतो. तो थोडा ताणला जातो, त्यामुळे हाताची चूकही पोटात घालतो. ‘ब्रेड’ या नावाने मिळणारा विणीचा दोरा त्याच ताकदीला बराच बारीक असतो आणि दूर जातो. पण तो महाग पडतो. तो घेतलाच, तर आधी चकतीवर थोडा तंगूस गुंडाळावा. नाहीतर गुळगुळीत चकतीवर ब्रेडचे संपूर्ण वेटोळे घसरत फिरते.

दोरा चकतीच्या कडेपासून सुमारे दोन मिलिमीटर खाली राहील इतकाच भरावा. कमी भरला तर तो कडेवर घासून फेक आखूड होते. जास्त भरला तर वेटोळी एकदम सुटून गुंता होतो.

ड्रॅगचा ताण दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश ठेवावा. गाठींमुळे दोऱ्याची ताकद घटते, काठीच्या कड्यांवर घर्षण होते आणि दोरा सुटून चकती रिकामी होत जाईल तसा ताणही वाढत जातो. म्हणून ही सूट ठेवायची. ताणकाटा नसेल तर घरगुती उपाय आहे. दीड लिटर पाण्याने भरलेली बाटली म्हणजे दीड किलोहून किंचित जास्त वजन. ती दोऱ्याला बांधून रीळ सरळ वर उचलावे आणि बाटली हवेत लोंबकळत असताना दोरा जेमतेम सुटू लागेल इतकाच ड्रॅग आवळावा. पाच किलोच्या दोऱ्याला हा ताण योग्य. मासा दोरा ओढून नेत असताना मूठ फिरवत राहू नये. त्याने मासा जवळ येत नाही, दोऱ्याला पीळ मात्र पडतो.

घाट चढण्यापूर्वी

खाऱ्या पाण्यात वापरलेले रीळ त्याच दिवशी धुतले पाहिजे. बेळगाव किंवा निपाणीला पोहोचेपर्यंत काही तास जातात, तेवढ्यात मीठ सुकून सांध्यांत बसते. म्हणून परतीला निघण्यापूर्वीच बाटलीतील गोड्या पाण्याने ते हलकेच धुवावे. धुण्याआधी ड्रॅग आवळावा, म्हणजे पाणी आतील चकत्यांपर्यंत जात नाही. जोराचा फवारा मारू नये, तसेच रीळ बादलीत बुडवू नये. त्याने मीठ बाहेर येण्याऐवजी आत ढकलले जाते. घरी आल्यावर फडक्याने पुसून, ड्रॅग सैल करून, सावलीत वाळवावे आणि चाकीला तेलाचा एकच थेंब द्यावा. वर्षातून एकदा दातेरी चाकांना ग्रीस दिले की पुरे. किनाऱ्याजवळ राहणाऱ्या गोवेकरांनाही हाच नियम लागू आहे. तेथील हवेतच मीठ असते.

काठावरचे भान

राकसकोप जलाशय बेळगावला आणि जवाहर तलाव निपाणीला पिण्याचे पाणी पुरवतो. घटप्रभेवरील हिडकलसारख्या धरणांत स्थानिक मच्छीमारांची उपजीविका गुंतलेली असते. अशा ठिकाणी गळ टाकण्यापूर्वी परवानगीची चौकशी करणे आवश्यक आहे. गोव्यात भरतीच्या वेळी शेवाळलेल्या खडकांवर उभे राहू नये. रीळ पडले तर दुसरे घेता येते. पावसाच्या सुरुवातीला अंडी घालण्यासाठी वर चढणारे मासे गळाला लागले तर त्यांना सोडून द्यावे. तुटलेला तंगूस पाण्यात किंवा काठावर टाकू नये. तो वर्षानुवर्षे कुजत नाही आणि पाणपक्ष्यांच्या पायांत अडकतो.

थोडक्यात, परवडणारे रीळ म्हणजे सर्वांत स्वस्त रीळ नव्हे. एकसारखा सुटणारा ड्रॅग, न डगमगणारी मूठ आणि पुढे मिळू शकणारे सुटे भाग या तीन गोष्टींसाठी पैसे मोजावेत. बेअरिंगचा आकडा आणि चकाकणारा रंग यांसाठी नव्हे. उरलेले काम बाटलीभर गोडे पाणी करते.