गावाला जाताना कुंड्यांच्या पाण्याची सोय

मे महिना लग्नसराईचा. मुलांना सुट्टी असते, माहेरची बोलावणी येतात, कुणी गोव्याला जाते तर कुणी पुण्या-मुंबईला लेकाकडे. आठ-दहा दिवस घर बंद राहणार म्हटले की गुरे शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधली जातात, कोंबड्यांना दाणे टाकावयास कुणाला तरी सांगितले जाते. परंतु अंगणातील कुंड्या आणि पिशव्यांतील कलमे यांची आठवण पुष्कळदा गाडीत बसल्यावरच होते.

हे नुकसान लहान समजू नये. पावसाच्या तोंडावर लावण्यासाठी आणलेली काजूची किंवा आंब्याची कलमे उन्हाने वाळली, तर पैसे जातातच, शिवाय लागवड वर्षभर पुढे जाते. दारचा कढीपत्ता, मिरचीची रोपे, गवती चहा, गुलाब यांचीही तीच गत. म्हणून घरातील वस्तू वापरून काय करता येईल ते आज पाहू.

निघण्याच्या दिवशी पुष्कळजण कुंडीत भरपूर पाणी ओततात आणि खाली ताटली ठेवून तीही भरतात. याचा उपयोग थोडाच. माती धरू शकते तेवढेच पाणी धरते, बाकीचे तळाच्या भोकातून निघून जाते. ताटलीत पाणी साचून राहिले तर तळच्या मातीतील हवा जाते आणि मुळे कुजतात. शिवाय त्या ताटलीत डास होतात, त्याविषयी पुढे लिहिले आहे. ध्यानात ठेवावयाची गोष्ट एकच: पाणी थोडे थोडे मातीत जावे, आणि साठा झाकलेला असावा.

आधी तहान मोजावी

किती पाणी ठेवावे हे अंदाजाने ठरवू नये. संध्याकाळी कुंडीला पोटभर पाणी घालून निथळू द्यावे आणि धान्य तोलण्याच्या काट्यावर तिचे वजन करावे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, मध्ये पाणी न घालता, पुन्हा वजन करावे. जेवढे वजन घटले तेवढे पाणी खर्च झाले. एक किलो म्हणजे एक लिटर, इतका सोपा हिशेब आहे. समजा ३०० ग्रॅम घटले, तर दहा दिवसांना तीन लिटर लागतील. त्यावर पाव भाग जास्त धरावा.

आता तीच कुंडी सावलीत ठेवून पुन्हा तोलून पाहावी. खर्च किती कमी झाला ते काटाच सांगेल. म्हणून पहिले काम पाणी देण्याचे नसून खर्च कमी करण्याचे आहे.

सावली आणि आच्छादन

सर्व कुंड्या घराच्या पूर्वेकडील भिंतीशी, नाहीतर आंब्या-फणसाच्या गर्द सावलीत एकमेकींना लागून ठेवाव्यात. वारा कमी लागतो व मधल्या कुंड्या थंड राहतात. मात्र घरात अंधारात कोंडू नयेत. मातीवर दोन-तीन बोटे जाडीचा उसाचा पाचट, भाताचे काड किंवा वाळलेला पाला पसरावा. खोडाभोवती दोन बोटे जागा मोकळी सोडावी.

मातीच्या कुंडीच्या अंगातूनही पाणी उडून जाते, प्लॅस्टिकच्या कुंडीतून तसे जात नाही. म्हणून मातीची लहान कुंडी मोठ्या घमेल्यात ठेवून भोवती ओली वाळू भरावी. पिशवीतील कलमांसाठी झाडाखाली अर्ध्या पिशवीइतका खोल चर काढावा, तळाशी वाळू घालून ती चांगली भिजवावी, आणि पिशव्या जवळजवळ उभ्या करून मधल्या फटींत ओली वाळू भरावी. पिशवीच्या तळाशी असलेली भोके वाळूला टेकली पाहिजेत, म्हणजे खालून ओल चढते.

निघण्यापूर्वी युरिया किंवा दुसरे खत घालू नये. माती कोरडी पडू लागली की खताचा क्षार मुळांना जाळतो. फुले आणि उमलू लागलेल्या कळ्या काढून टाकाव्यात.

कापडाची वात

कंदिलाची वात रॉकेल वर ओढते, तशीच सुती कापडाची वात पाणी ओढते. जुन्या सुती धोतराची किंवा लुगड्याची दोन बोटे रुंद पट्टी पिळून वात करावी. टेरिलिन किंवा नायलॉन घेऊ नये, ते पाणी नीट ओढत नाही. वात आधी पाण्यात पूर्ण भिजवावी. एक टोक बादलीच्या तळापर्यंत सोडावे, दुसरे कुंडीच्या मातीत चार बोटे खोल पुरावे.

बादली दोन-तीन विटांवर ठेवून तिच्यातील पाणी कुंडीच्या मातीपेक्षा थोडे वर राहील असे करावे. बादली फार उंच ठेवली तर पाणी भराभर उतरून एका रात्रीत संपेल. पातळी खाली गेली की ओघ मंदावतो, म्हणून उंच व अरुंद भांड्यापेक्षा रुंद बादली बरी. एका बादलीभोवती चार-पाच कुंड्या मांडता येतात, प्रत्येकीला वेगळी वात द्यावी. उघडी राहणारी वात जितकी आखूड तितकी चांगली, कारण तिच्यावरूनही पाणी उडते.

मातीचे मडके

मोठी कुंडी असेल तर याहून चांगला उपाय मडक्याचा आहे, आणि तो फार जुना आहे. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील फान शेंग-चिर याच्या शेतीग्रंथात तो दिलेला आहे: मडके जमिनीत तोंडापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे, चारही बाजूंना वेलाचे एकेक बी लावावे आणि तोंडावर कौल झाकावे. आपल्या देशात कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत १९७० नंतरच्या दशकात या पद्धतीवर प्रयोग झाले.

यातील मर्म असे. भाजलेल्या कच्च्या अंगाच्या मडक्याला बारीक छिद्रे असतात. भोवतालची माती कोरडी झाली की ती पाणी ओढून घेते, ओली असली की पाझर मंदावतो. म्हणजे रोपाला हवे तेव्हाच पाणी मिळते. संक्रांतीला बाजारात येते तसे सुगड किंवा बोळके कुंडीसाठी पुरते. ते रंगवलेले नसावे. एक रात्र पाण्यात भिजवून, कुंडीच्या कडेला गळ्यापर्यंत पुरावे आणि तोंडावर खापरी ठेवावी. लागवड करतानाच ते पुरले तर मुळे दुखावत नाहीत. मचूळ पाण्याने काही काळाने छिद्रे बुजतात, तेव्हा मडके बदलावे.

बाटली आणि नळी

पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडून ती कुंडीत उलटी खोचण्याची रीत सर्वांना माहीत आहे. ती दोन-तीन दिवसांच्या गैरहजेरीला ठीक. भोक मोठे झाले तर बाटली तासाभरात रिकामी होते, बारीक झाले तर मातीने बुजते.

काहीजण सलाइनची बाटली आणि नळी वापरतात. तिच्या चक्रीने थेंब कमी-जास्त करता येतात, हे खरे. परंतु हिशेब पाहा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर मिनिटाला दहा थेंब पडल्यास एक लिटर पाणी सुमारे ३३ तासांत संपते. आठवडा काढावयाचा तर नळी बादलीला जोडावी लागेल. आणि नळी औषधांच्या दुकानातून नवीच घ्यावी. रुग्णाला लावलेल्या नळीत रक्ताचा अंश असू शकतो. अशा नळ्या रुग्णालयांनी वेगळ्या जमा करून प्रक्रियेसाठी पाठवाव्यात, असा २०१६ चा नियम आहे. त्या मागून आणू नयेत, मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नयेत.

डासांकडे दुर्लक्ष नको

डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास गटारापेक्षा घराजवळचे साठलेले पाणी पसंत करतो. ताटली, बादली, फुटके डबे यांच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर तो अंडी घालतो. उन्हाळ्यात अंड्यापासून डास होण्यास सात ते दहा दिवस पुरतात. म्हणजे आपण लग्नाहून परत येईपर्यंत घरात डासांची एक पिढी तयार होते. ही अंडी कोरड्या भांड्यातही कित्येक महिने टिकतात. त्यामुळे पाणी ओतून देणे पुरेसे नाही, आतील कडा काथ्याने किंवा ब्रशने घासून काढावी.

म्हणून निघताना सर्व ताटल्या काढून घासून पालथ्या ठेवाव्यात. वात लावलेल्या बादलीच्या तोंडावर दाट विणीचे कापड ताणून घट्ट बांधावे. वाती कापडाखालून बाहेर काढाव्यात आणि कुठेही फट ठेवू नये.

निघण्यापूर्वी आणि परतल्यावर

कोणताही उपाय निघण्याच्या तीन दिवस आधी लावून पाहावा. माती बोटभर खोल ओलसर लागली पाहिजे, चिखल होता कामा नये. साठा किती उतरला ते पाहून वात जाड-बारीक करावी.

दहा दिवसांहून जास्त जावयाचे असेल तर शेजाऱ्यावाचून भागत नाही. पण त्याला नुसते "झाडांकडे बघा" असे सांगू नये. कोणत्या कुंडीला किती तांबे, दिवसाआड की रोज, हे दाखवून द्यावे, तांब्याही तेथेच ठेवावा. आपण बादली आणि वाती लावून गेलो असलो तर त्याला आठवड्यातून एकदाच बादली भरून पुन्हा कापड बांधावे लागेल. एवढे काम कुणीही आनंदाने करील.

परत आल्यावर एखादी कुंडी पार वाळलेली दिसली तर वरून पाणी ओतून उपयोग नाही. आक्रसलेल्या मातीच्या कडेने ते सरळ खाली जाते. कुंडी बादलीभर पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवावी, नंतर निथळून सावलीत ठेवावी. पाने गळाली तरी लगेच उपटून टाकू नये. नखाने साल खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर रोप जिवंत आहे. आठवडाभर सावलीत ठेवून मग हळूहळू उन्हात आणावे, आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नये.