उत्तर कोरिया: जनतेला बंदी, हल्लेखोरांना मुभा

उत्तर कोरियाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ६० लाख आहे. एवढ्या लोकांच्या या देशाकडे इंटरनेटचे स्वतःचे पत्ते, म्हणजे आयपी अॅड्रेस, आहेत फक्त १,०२४. दुसरीकडे, २०१७ ते २०२३ या काळातल्या ५८ संशयित सायबर हल्ल्यांचा माग संयुक्त राष्ट्रांची तज्ज्ञ समिती काढत होती. या हल्ल्यांतून उत्तर कोरियाने सुमारे ३ अब्ज डॉलर लुटले असावेत, असा तिचा अंदाज होता. ज्या देशात इंटरनेट जवळजवळ नाहीच, तो जगभरच्या तिजोऱ्या कशा फोडतो? लोकांना जाळ्यापासून तोडणे आणि त्याच जाळ्याचा शस्त्र म्हणून वापर करणे, ही तिथे एकाच धोरणाची दोन अंगे आहेत. ते धोरण कसे चालते, हे क्रमाने पाहू.

लोकांच्या वाट्याचे जाळे

प्योंगयांगच्या ग्रँड पीपल्स स्टडी हाउस या वाचनालयात विद्यार्थी संगणकासमोर बसलेले दिसतात. त्यांच्यासमोर असते ते ‘क्वांगम्यॉन्ग’ नावाचे देशांतर्गत जाळे. २०००च्या सुमारास सुरू झालेल्या या जाळ्यावर सरकारने निवडलेली पुस्तके, बातम्या आणि शास्त्रीय लेख मिळतात. बाहेरच्या इंटरनेटशी ते जोडलेलेच नाही. त्यामुळे तिथे एकेक संकेतस्थळ अडवत बसावे लागत नाही.

मोबाईलचेही तसेच. इजिप्तच्या ओरास्कॉम कंपनीच्या भागीदारीत २००८मध्ये कोरिओलिंक ही सेवा सुरू झाली आणि आज लाखो लोकांच्या हातात फोन आहेत. पण सामान्य नागरिकाच्या फोनवर इंटरनेट नाही आणि त्यावरून परदेशी बोलता येत नाही.

पाळत थेट यंत्राच्या आत बसवलेली आहे. ‘रेड स्टार’ ही लिनक्सवर बेतलेली सरकारी संगणकप्रणाली आतून कशी चालते, हे दोन जर्मन अभ्यासकांनी डिसेंबर २०१५मध्ये हॅम्बुर्गच्या परिषदेत उलगडून दाखवले. पेनड्राइव्ह जोडला की त्यावरच्या फोटोत किंवा दस्तऐवजात त्या संगणकाची छुपी खूण आपोआप उमटते. तीच फाईल पुढच्या संगणकावर गेली की त्याचीही खूण तिला चिकटते. एखादी फाईल कोणाकडून कोणाकडे गेली, याची सगळी साखळी अशी पकडता येते. २०२०च्या कायद्याने दक्षिण कोरियाच्या मालिका आणि चित्रपट पसरवणाऱ्याला मृत्युदंडापर्यंतची शिक्षा ठेवली आहे. ही छोटीशी खूण माणसाच्या जिवावर बेतू शकते.

बाहेर जाणारी वाट

खरे इंटरनेट मिळते ते सत्तेच्या वर्तुळातल्यांना, निवडक संशोधकांना, प्रचारयंत्रणेला आणि देशातल्या काही परदेशी लोकांना. ही वाट अरुंद आहे. आधी ती चायना युनिकॉम या चिनी कंपनीमार्फत जात असे. ऑक्टोबर २०१७मध्ये ट्रान्सटेलिकॉम या रशियन कंपनीचा दुसरा मार्ग मिळाला. २०१६मध्ये तिथल्या एका सर्व्हरच्या मांडणीतली चूक बाहेर आली, तेव्हा देशाच्या ‘.केपी’ या नावाखाली जेमतेम २८ संकेतस्थळे दिसली.

इतकी अरुंद वाट बंद पाडणे अवघड नसते. डिसेंबर २०१४मध्ये सगळा देश काही तास इंटरनेटवरून गायब झाला होता. २०२२च्या जानेवारीत एकट्या अमेरिकी हॅकरने घरी बसून तेच करून दाखवले. आपल्याकडे असे झाले तर बँका, रेल्वेचे आरक्षण, दुकानातले यूपीआय सगळे ठप्प होईल. उत्तर कोरियात मात्र रोजचे जगणे इंटरनेटवर चालतच नाही, त्यामुळे फटका मूठभरांनाच बसतो. इथेच या राजवटीचे बळ आहे: तिला इतरांवर वार करता येतो, पण उलट वार करायला समोर फारसे काही सापडत नाही.

माणसे कशी घडवतात

देश सोडून आलेल्यांनी दिलेल्या माहितीनुसार, गणितात चमकणारी मुले शाळेतच हेरली जातात. त्यांना प्योंगयांगच्या खास शाळांत आणि पुढे किम इल सुंग विद्यापीठ, किम चेक तंत्रविद्यापीठ किंवा लष्कराच्या मिरिम संस्थेत पाठवतात. मुंबईच्या डायरेक्टाय कंपनीने २००९मध्ये सुरू केलेल्या ‘कोडशेफ’ या प्रोग्रामिंग स्पर्धेतही उत्तर कोरियाच्या विद्यार्थ्यांनी बाजी मारली आहे. ही बुद्धिमत्ता अस्सल आहे. तिचा उपयोग कशासाठी करायचा, हे ठरवण्याचा हक्क मात्र त्या मुलांना नाही.

यातले काही जण पुढे रिकोनिसन्स जनरल ब्युरो या लष्करी गुप्तचर संस्थेत जातात. जग ज्यांना ‘लाझारस’ म्हणते, ते हल्लेखोर याच संस्थेशी जोडले जातात. काम देशातूनच करावे लागते असेही नाही. अमेरिकेने २०१८मध्ये ज्याच्यावर आरोपपत्र ठेवले, तो पार्क जिन ह्योक काही काळ चीनच्या दालियान शहरात एका कंपनीच्या आडून काम करत होता.

चोरी कशी होते

याचे आपल्या परिचयाचे उदाहरण पुण्यातले आहे. एटीएममध्ये कार्ड घातल्यावर यंत्र बँकेच्या ‘स्विच’ला विचारते, स्विच खात्यातली शिल्लक तपासून होकार देतो आणि मगच नोटा बाहेर येतात. ऑगस्ट २०१८मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्यांनी मधेच एक बनावट स्विच उभा केला. तो शिल्लक न तपासता प्रत्येक मागणीला होकार देत गेला. ११ ऑगस्टला, शनिवारी, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, तर भारतातून अडीच कोटी. सोमवारी बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात गेले. पुण्याच्या न्यायालयाने २०२३मध्ये ११ जणांना शिक्षा दिली. चोरीमागचा हात मात्र उत्तर कोरियाचा असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१९च्या अहवालात नोंदवले.

सुट्टीचा दिवस साधण्याची ही रीत आधीचीच होती. फेब्रुवारी २०१६मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे न्यूयॉर्कमधले ९५ कोटी डॉलर पळवण्याचा प्रयत्न झाला. ढाक्याची शुक्रवारची सुट्टी, न्यूयॉर्कचा शनिवार-रविवार आणि फिलिपिन्समधली चिनी नववर्षाची सुट्टी हे सगळे सलग येईल असा मुहूर्त साधला होता. बहुतेक व्यवहार अडले, तरी ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला पोचले.

हे सगळे कशासाठी? अण्वस्त्र चाचण्यांमुळे २०१६-१७मध्ये कोळसा, मासळी आणि कापडाच्या निर्यातीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली आणि परकीय चलनाचे झरे आटले. त्यानंतर हल्लेखोर क्रिप्टोचलनाकडे वळले, कारण तिथे चोरलेला पैसा काही मिनिटांत सीमा ओलांडतो आणि तो परत वळवणारी बँक मधे नसते. जुलै २०२४मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो बाजारातून २३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली आणि लाखो ग्राहकांचे पैसे अडकले. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने जानेवारी २०२५मध्ये यासाठी उत्तर कोरियाला जबाबदार धरले. पुढच्याच महिन्यात बायबिट या बाजारातून दीड अब्ज डॉलर गेले.

दार उघडते माणूस

या चोऱ्यांचे तंत्र बदलत गेले, आत शिरण्याची युक्ती मात्र फारशी बदलली नाही. बांगलादेश बँकेत हल्लेखोर शिरले ते नोकरी मागणाऱ्या उमेदवाराच्या ईमेलमधून. मार्च २०२२मध्ये रोनिन या क्रिप्टो यंत्रणेतून सुमारे ६० कोटी डॉलर गेले. तिथे एका अभियंत्याला भरघोस पगाराच्या खोट्या नोकरीचे आमिष दाखवले होते आणि नेमणूकपत्राच्या फाईलमधून हेरगिरीचा प्रोग्राम आत आला. आता तर उत्तर कोरियाचे तंत्रज्ञ खोट्या नावाने परदेशी कंपन्यांत घरून काम करण्याच्या नोकऱ्याच मिळवतात.

या पैशातून अण्वस्त्र कार्यक्रम पोसला जातो, आणि ज्या जनतेच्या नावाने तो चालतो तिला साधी बातमी वाचण्याचीही मुभा नाही. त्या जनतेसाठी आपण इथून फार काही करू शकत नाही. हल्लेखोरांची वाट अडवणे मात्र आपल्या हातात आहे. पुणे, मुंबई, नागपूर किंवा परदेशात संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगणे एवढेच: अनोळखी भरतीवाल्याने ‘चाचणी’ म्हणून पाठवलेली फाईल किंवा कोड कंपनीच्या संगणकावर उघडू नका. तो ज्या कंपनीचे नाव सांगतो, तिच्याकडे थेट खातरजमा करा. आणि चुकून फाईल उघडलीच, तर संकोच न करता त्याच क्षणी आपल्या कंपनीच्या सुरक्षा विभागाला कळवा.