हात हलतो की घोडा?

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या भित्तिचित्रासमोर उभं राहिलं की फोटोग्राफरची पंचाईत होते. उजेड मिणमिणता, फ्लॅशला बंदी, आणि ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी. उरतात आपले दोन हात. तरीही तिथून खणखणीत फोटो आणता येतो.

जुना हिशेब सोपा आहे. लेन्स ५० मिलिमीटरची असेल तर शटर निदान १/५० सेकंदाचं, २०० ची असेल तर १/२००. लेन्स लांब, तितकी हाताची थरथरही मोठी दिसते. पण हा हिशेब फिल्मच्या काळातला. २४ मेगापिक्सेलचा फोटो संगणकावर पूर्ण मोठा करून पाहणाऱ्याने वेग दुप्पट धरलेला बरा.

लेण्यात एवढा वेग परवडत नाही. तिथे स्टॅबिलायझेशन कामी येतं. हाताची हालचाल ओळखून लेन्समधली काच किंवा खुद्द सेन्सर उलट्या दिशेला सरकतो. कॅननने १९९५ मध्ये एसएलआरच्या ७५-३०० लेन्समध्ये ही सोय दिली; आता ती मोबाइलमध्येही असते. कंपन्या चार-पाच स्टॉपचा दावा करतात; एक स्टॉप म्हणजे शटरला दुप्पट वेळ. मी त्यातले दोनच खरे धरतो. म्हणजे १/५० च्या जागी साधारण १/१२ सेकंद. भिंतीवरच्या चित्राला तेवढं पुष्कळ, कारण पद्मपाणी जागचा हलत नाही.

वारीतल्या रिंगणात मात्र हीच यंत्रणा निरुपयोगी ठरते. तिथे घोडा धावतो, आणि तो काही आपल्या लेन्सला विचारून धावत नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा कितीही घट्ट बसवा, १/६० ला घोडा पुसटच येणार. त्याला १/१००० च्या आसपासचा वेग लागतो. ढगाळ आषाढात तो मिळवायचा तर आयएसओ चढवावा लागतो, आणि लोक तिथेच उगाच कचरतात. ३२०० वर दाणे दिसतात हे खरं, पण सॉफ्टवेअरने ते बरेच निवळतात. हललेला घोडा मात्र हललेलाच राहतो.

बाकी तंत्र जुनंच: कोपरं बरगड्यांना टेकवायची, जमल्यास खांबाला पाठ लावायची, श्वास सोडता सोडता बटण हलकेच दाबायचं. आणि तीन-चार फोटो सलग घ्यायचे. पहिल्यात बोटाचा धक्का येतो, शेवटच्यात बोट उचलल्याचा. बहुतेकदा मधला एखादा नीट उतरतो.