विजेच्या झटक्यानंतर पीसी सुरूच होत नाही? घाईने नवा मदरबोर्ड घेऊ नका!

लाइट गेली, दणक्यात परत आली आणि असेंबल केलेला पीसी गप्प. अशा वेळी क्रमाने तपासा.

१) आधी सॉकेट, पॉवर केबल, स्पाइक गार्ड. सॉकेटवर दुसरं उपकरण लावून बघा.

२) मग एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय). प्लग काढून मदरबोर्डची २४ पिनची केबल सोडवा. तिची हिरवी वायर (१६ वी पिन) शेजारच्या काळ्या वायरला क्लिपने जोडा, मग प्लग लावून स्विच चालू करा. नुसता पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठीक, असं नाही, मल्टिमीटर लावा. पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट हवेत.

३) इथे सगळं बरोबर असेल तर प्लग काढून पुन्हा जोडणी करा, फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर, कूलर आणि एकच रॅम ठेवा. चालू झाला, तर बाकीचे भाग एकेक करून लावा. ज्यावर अडेल, तो संशयित.

एसएमपीएस मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब साठलेला असू शकतो.

पोस्ट सेव्ह करून ठेवा, पीसी बनवणाऱ्या मित्रांनाही पाठवा!