उन्हाळ्यातला फुलांचा डोंगर

‘‘ताई, फाट्यांना जायचं असेल तर येते. नुसतं डोंगरावर जाऊन काय करायचं?’’ आमच्या बचत गटातल्या एका काकूंनी सरळ विचारलं. त्यांचंही बरोबर होतं. आमच्या मुरुडच्या खाडीपलीकडचा सामराजगड बहुतेकींनी डोक्यावर मोळी घेऊनच पाहिलेला. शिवाय रानफुलं म्हटली की श्रावण आणि कासचं पठार. उन्हाळ्यात डोंगरावर वाळकं गवत आणि घाम, दुसरं काय?

तरी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आम्ही नऊजणी निघालो. साडेसहाला पूल ओलांडून एकदऱ्यात पोचलो आणि पायवाट धरली. चढ फार तर अर्ध्या तासाचा, साडी नेसूनही जमणारा. (गुडघे दुखतात म्हणणाऱ्या दोघी माझ्याआधी वर पोचल्या!)

थोडं चढल्यावर अंजनी दिसली. बहर ओसरत आला होता, तरी फांद्यांना चिकटून जांभळ्या-निळ्या फुलांचे झुपके होते. फांदीवर नीळ सांडावी तसे. पुढे पांढराशुभ्र कुडा. मग सगळ्यांची तोंडं सुटली. कुड्याच्या फुलांची भाजी कशी करायची, पोट बिघडलं की कुड्याचं पाळ कसं द्यायचं, हिरव्या करवंदांच्या लोणच्यात गूळ घालायचा की नाही. (यावर एकमत झालं नाही.) प्रत्येक झुडूप त्यांना चुलीच्या आणि औषधाच्या नात्यानं ठाऊक होतं. पण थांबून वास घ्यायला वेळ कुणाला होता?

पावसाळी फुलांची मुळं वरवरची, म्हणून ती पाण्याची वाट बघतात. ही झाडंझुडपं मात्र खोलवरच्या ओलीवर उन्हाळ्यातच फुलतात. करवंद तर मे महिन्यात पिकतं आणि बी पावसाच्या तोंडावर जमिनीत पडतं. मी हे सांगत होते तेव्हा काकू म्हणाल्या, ‘‘म्हणजे ती पण आपल्यासारखी पावसाआधीची बेगमी करतात की!’’

वर तटाचे थोडेसे अवशेष आहेत. एका बाजूला पद्मदुर्ग, दुसऱ्या बाजूला जंजिरा. सिद्दीला वचक बसावा म्हणून शिवाजी महाराजांनी हा गड उभारला. याच दंडा-राजपुरीवर १६७१ च्या होळीच्या सणात सिद्दीनं हल्ला केला, हे सांगितलं तर एकजण म्हणाली, ‘‘सणाच्या दिवशीसुद्धा सोडलं नाही मेल्यानं!’’

भाकऱ्या सोडल्या तेव्हा कुठून तरी गोड वास आला. झुडपावर चढलेली कुसर! रानातली जाईच म्हणा. फुलं तोडायची नाहीत असा नियम मीच केला होता, तो तिथे मोडला. आमच्यातल्या एकीनं गवताच्या काडीत फुलं ओवून भराभर आठ वेण्या केल्या आणि सगळ्यांच्या केसांत माळल्या. नववी केली नाही. तिचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली आहेत. वय अवघं छत्तीस.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं राज्यभर परिपत्रक काढलं. आमच्या गटात ते मीच वाचून दाखवलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या. पण त्या सकाळी माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी काकूंनी स्वतःची वेणी काढली, अर्धी तोडली आणि काही न बोलता तिच्या अंबाड्यात खोचली. तिनं हात वर नेला. वाटलं, काढते आता. पण नुसतं चाचपून तिनं हात खाली घेतला.

उतरताना ती सगळ्यांच्या पुढे होती, गाणं गुणगुणत. पूल आला तशी थांबली. समोरून ओळखीची माणसं येत होती. तिनं फुलं काढली, फेकली नाहीत, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. आम्ही कुणी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. ‘‘ताई, फुलं पाण्यात ठेवलीत. लेक विचारते, हा वास कसला? तिला घेऊन यायचंय. अजून किती दिवस असतील हो ती?’’

पाऊस पडेपर्यंत असतील, म्हटलं. येत्या रविवारी जातोय. मात्र सकाळी सातच्या आत चढायला लागायचं. नंतर ऊन सोसवत नाही.