पाने पिवळी, की पडदा फिका?

मुलांच्या अभ्यासासाठी लॅपटॉप आता बऱ्याच शेतकरी घरांत आला आहे. त्याच लॅपटॉपवर आपण पिकाचे फोटोही मोठे करून पाहतो. समजा, कपाशीच्या पानाचा फोटो उघडला आणि पान पिवळट, निस्तेज दिसले. मनात येते, नत्र कमी पडले, उद्याच युरिया टाकू. पण जरा थांबा! दोष पिकात आहे की पडद्यात, हे आधी पाहा. गरज नसताना युरिया दिला तर पैसा जातोच, शिवाय कपाशी नुसती माजते आणि मावा-तुडतुड्यांचे फावते.

पारख अगदी सोपी आहे. ज्या पानाचा फोटो काढला तेच पान घरी आणा. तोच फोटो मोबाईलवर आणि लॅपटॉपवर उघडा आणि दिवसाच्या उजेडात पान दोन्हींशेजारी धरा. मोबाईलवरचा रंग पानाशी जुळला आणि लॅपटॉपवरचाच फिका दिसला, तर खोट लॅपटॉपच्या पडद्यात आहे असे समजा.

आता उपाय पाहू. प्रथम लॅपटॉप बंद करून पडदा मऊ, कोरड्या फडक्याने हलक्या हाताने पुसा. पडद्यावर पाणी शिंपडू नका. दाराचा उजेड थेट पडद्यावर येणार नाही असे बसा. पडदा थोडा मागेपुढे कलता करून पाहा. काही पडदे तिरपे पाहिले की रंग सोडतात.

एवढ्याने भागले नाही तर ‘सेटिंग्ज’ उघडा. विंडोज ११ मध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘डिस्प्ले’ येथे जा. तेथे ‘नाईट लाईट’ चालू असेल तर बंद करा. रात्री डोळ्यांना बरे वाटावे म्हणून ती सोय पडद्याला पिवळसर करते, आणि हिरवे पान पिवळे दिसते ते त्यामुळेच. तेथेच ‘एचडीआर’ असेल तर तेही बंद करून पाहा. साध्या पडद्यावर त्याने रंग धुतल्यासारखे दिसतात. मग ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये ‘कलर फिल्टर्स’ बंद आहेत ना, याची खात्री करा. मुलांच्या हातून चुकून बटणे दाबली जातात.

बॅटरीवर फिके आणि चार्जर लावताच ठीक दिसत असेल, तर घाबरू नका. वीज वाचवण्यासाठी लॅपटॉप स्वतःच पडदा मंद करतो.

झाकण हलवले की रंग बदलत असतील, तर आतली वायर सैल झालेली असू शकते. मग घरी खोलाखोल न करता जाणत्या कारागिराकडे न्या. त्याआधी केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडून पाहा. टीव्हीवर रंग नीट दिसले तर दोष बहुधा पडद्यात किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. हे कारागिराला सांगा आणि खर्चाचा अंदाज आधीच विचारून घ्या.

पडदा दुरुस्त झाला तरी एक गोष्ट विसरू नका. नत्र कमी पडले तर आधी खालची, जुनी पाने पिवळी पडतात. लोह कमी पडले तर शेंड्याची कोवळी पाने पिवळी होतात, पण शिरा हिरव्याच राहतात. एका पानाच्या फोटोत हे कसे कळणार? म्हणून खताच्या पोत्याला हात घालण्यापूर्वी एक फेरी शेतात मारा. पडदा कितीही चांगला असला तरी पीक बांधावर उभे राहूनच पाहावे.