चंद्रपूरचे वाघ, बर्ड फ्लू आणि पीएचडीनंतरच्या संधी

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. मानव-वन्यजीव संघर्षामुळे हे प्राणी चंद्रपूर जिल्ह्यातून तिथे हलवण्यात आले होते. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि कारण कळलं : एच५एन१, म्हणजेच बर्ड फ्लूचा विषाणू. जानेवारी २०२५ मध्ये ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगली गावात कोंबड्यांमध्येही बर्ड फ्लू आढळला.

माणसांना धोका का?

पक्ष्यांमधला विषाणू वाघापर्यंत पोहोचू शकतो, तसा माणसापर्यंतही. एच५एन१ माणसाकडून माणसाकडे सहज पसरत नाही, पण लागण झाल्यास आजार गंभीर होऊ शकतो. चंद्रपूर-गडचिरोलीत मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला लोक जंगलात जातात. घरी कोंबड्या, शेळ्या, गुरं असतात. वन्यप्राणी, पाळीव प्राणी आणि माणूस यांच्यातलं अंतर इथे फारच कमी आहे.

विदर्भाला विषाणू नवे नाहीत. वाळूमाशीतून पसरणारा चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांमध्ये पहिल्यांदा सापडला. गावाचं नावच त्याला मिळालं.

पोस्ट-डॉक म्हणजे काय?

पीएचडीनंतर अनुभवी शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली, ठरावीक मुदतीसाठी केलेलं पूर्णवेळ संशोधन. यात दरमहा फेलोशिप मिळते.

संधी कुठे?

- एएनआरएफ नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप : मुदत दोन वर्षं, वयोमर्यादा ३५. महिला, एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांगांना पाच वर्षांची सूट. मार्गदर्शक उमेदवारानेच शोधायचा असतो.
- आयसीएमआर पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप : काम आयसीएमआरच्या संस्थांमध्ये. पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था त्यापैकीच एक.
- डीबीटी रिसर्च असोसिएटशिप : जैवतंत्रज्ञान आणि जीवशास्त्रातल्या पीएचडीधारकांसाठी.

अटी बदलतात, त्यामुळे अर्जापूर्वी ताजी जाहिरात पाहावी.

विदर्भात काय आहे?

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार म्हणजे ‘वन हेल्थ’. नागपुरातच पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि गोरेवाड्याचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तर गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ.

फक्त विषाणूतज्ज्ञच हवेत का?

नाही. पशुवैद्यक, सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशासत्र, संख्याशास्त्र, अगदी मानववंशशास्त्रातल्या संशोधकांचीही गरज लागते. प्रयोगशाळेत विषाणू ओळखता येतो. पण कोंबडी आजारी पडल्यावर घरातले तिचं काय करतात, मेलेलं जनावर कुठे टाकतात, ताप आल्यावर आधी कुणाकडे जातात, हे गावातच कळतं. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या संशोधकाला ती उत्तरं लवकर मिळतील. भामरागड किंवा सिंदेवाहीतून पीएचडीपर्यंत पोहोचलेल्या मुला-मुलींचं जंगलाशी असलेलं नातं इथे त्यांची मोठी जमेची बाजू ठरू शकतं.